रोजची भाकर: ख्रिस्ती विश्वासात नव्याने येणाऱ्यांसाठी

योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पाच भाकरी आणि दोन मासळ्यांपासून सुरू होतो. पाच हजार पुरुष पोटभर जेवतात, बारा टोपल्या उरतात. दुसऱ्या दिवशी तीच माणसं होड्यांत बसून येशूला शोधत समुद्रापलीकडे येतात. तो त्यांना तोंडावर सांगतो की, तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझ्यामागे आला आहात. मग म्हणतो, "मीच जीवनाची भाकर आहे." हे बोलणं ऐकणाऱ्यांच्या पचनी पडत नाही. अध्याय संपेपर्यंत त्याचे बरेच शिष्य पाठ फिरवून गेलेले असतात. उरलेल्या बारा जणांना तो विचारतो, तुम्हीही जाणार का? पेत्र म्हणतो, "प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार?"

मी नव्याने विश्वासात आले तेव्हा मला त्या गर्दीसारखंच हवं होतं. एका प्रार्थनासभेत मन भरून आलं होतं, डोळे वाहिले होते, कित्येक दिवसांनी शांत झोप लागली होती. तेच पुन्हा मिळावं म्हणून मी पुढची दोन वर्षं धडपडले. मिळालं की विश्वास पक्का वाटायचा, नाही मिळालं की सगळंच खोटं वाटायचं. चव आणि पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. ज्या दिवशी जेवणाला चव लागत नाही त्या दिवशीही अन्न अंगी लागतंच. हा एक मुद्दा मनात ठेवून पुढचं वाचावं, कारण या लेखातली प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे.

आधी भूक ओळखा

योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री विहिरीवर आली ती घागर भरायला. तिची खरी तहान कुठली, हे येशूने तिला हळूहळू दाखवलं, तिच्या पाच नवऱ्यांच्या गोष्टीपर्यंत नेऊन. परत जाताना ती घागर तिथेच विसरून गेली.

सुरुवातीला एक वही घ्या आणि एका पानावर प्रामाणिकपणे लिहा: मी दमलो की कशाकडे वळतो? एकटं वाटलं, अपमान झाला, भीती वाटली, तर हात कुठे जातो? कुणाचा मोबाइलकडे जातो, कुणी कामात बुडून घेतं, कुणाला कौतुक लागतं, कुणाला खरेदी. स्वतःला दोष देण्यासाठी हे लिहायचं नाही. यशया संदेष्टा विचारतो, जी भाकर नाही तिच्यासाठी पैसा का खर्चता, ज्याने तृप्ती होत नाही त्यासाठी श्रम का करता? हा प्रश्न आहे, आरोप नाही. त्याच्या आधीच्या ओळीत तर तहानेल्यांना फुकट पाण्यावर बोलावलेलं आहे.

ते पान देवासमोर ठेवा आणि सांगा की मला भूक आहे. माझ्या मते कुठल्याही माणसाची ही पहिली खरी प्रार्थना असते. यात पाठ करावं लागणारं काही नाही.

इथेच एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं सगळं ओझं होईल. या लेखातली वाचन, प्रार्थना, उपास ही साधनं देवाची मर्जी मिळवण्यासाठी नाहीत. ख्रिस्ती विश्वासात कृपा आधी येते, साधना मागून. ताट वाढलेलं आहे. आपण फक्त बसायचं आहे.

वाचायला कुठून घ्यावं

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली होती. उत्पत्ती झपाट्याने वाचलं, निर्गम निम्मं रंगलं, मग निवासमंडपाची मापं आली, त्यामागून लेवीयमधले अर्पणांचे नियम, आणि पुस्तक कपाटात गेलं ते पाच महिने तिथेच राहिलं. नव्या माणसांपैकी कितीतरी जण नेमके याच वळणावर थांबतात. बायबल हे पुस्तकांचं कपाट आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात 66 पुस्तकं आहेत, कॅथलिक परंपरेत 73. कपाटातलं पहिलं पुस्तक आधी वाचलं पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही.

मार्कपासून सुरू करा. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटं आहे, 16 अध्यायांचं. त्यात येशू सतत चालतो आहे, बोलतो आहे, कुणाला तरी हात लावतो आहे. उपदेशापेक्षा प्रसंग जास्त. रोज एक अध्याय घेतला तर सोळा दिवसांत तुम्ही वधस्तंभापर्यंत आणि रिकाम्या कबरेपर्यंत पोहोचता. त्यानंतर योहान, 21 अध्याय, पण हे सावकाश. त्यातली वाक्यं सोपी दिसतात आणि वर्षानुवर्षं पुरतात. मग प्रेषितांची कृत्ये, म्हणजे पुढे काय झालं ते कळेल. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र. चारच अध्यायांचं हे पत्र पौलाने कैदेत असताना लिहिलं आणि त्यात आनंदाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. उत्पत्ती, निर्गम, यशया यांच्याकडे यानंतर या; तोवर तुम्हाला कळलेलं असेल की येशू कुठल्या गोष्टीच्या शेवटी उभा आहे.

यासोबत पहिल्या दिवसापासून रोज एक स्तोत्र. स्तोत्रं 150 आहेत, म्हणजे पाच महिने. (119 वं स्तोत्र 176 ओव्यांचं आहे, ते तुकडे करून घ्या, हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांवर आठ-आठ ओव्या अशी त्याची रचनाच आहे.) स्तोत्रांची शिफारस मी एवढ्या आग्रहाने करते, कारण प्रार्थनेत काय काय बोलण्याची मुभा आहे ते त्यांतून कळतं. सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. "किती वेळ, परमेश्वरा?" असं विचारणारी, रागावणारी, रडणारी. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. ते तरीही पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं. ज्या दिवशी तुम्हाला स्तुती करवणार नाही, त्या दिवशी हे कळणं फार मोलाचं ठरतं.

संपूर्ण बायबल एका वर्षात वाचण्याच्या योजना असतात. 66 पुस्तकांचे 1,189 अध्याय होतात, म्हणजे रोज तीन-चार. ही योजना वाईट नाही, पण पहिल्या वर्षी नको. घाईने गिळलेलं अंगी लागत नाही आणि मागे पडलं की अपराधीपणा साचत जातो.

भाषांतराबद्दल एवढंच: जी मराठी वाचताना अडखळायला होणार नाही ती निवडा. जुन्या भाषांतराची भाषा गोड आहे, "हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते" अशी ओळ दुसरीकडे मिळणार नाही. पण पत्रांतली लांब वाक्यं त्यात समजत नसतील तर सोप्या भाषांतराची प्रत शेजारी ठेवा. दोन्हीकडे बघून वाचण्यात कमीपणा नाही.

रवंथ

पहिल्या स्तोत्रात म्हटलं आहे की धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. मनन म्हटलं की आपल्याला डोळे मिटून शांत बसलेला माणूस दिसतो. मूळ हिब्रू क्रियापदात मात्र आवाज आहे: पुटपुटणं, गुणगुणणं. यशयाच्या 31 व्या अध्यायात शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी हेच क्रियापद आलं आहे. म्हणजे तोंडाने घोळवायचं, दाताखाली धरून ठेवायचं. मराठीत यासाठी रवंथ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. गाय चरताना भराभर चरते. दूध होतं ते नंतर निवांत बसून केलेल्या रवंथातून.

बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवासीने हे चार पायऱ्यांत मांडलं. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थना म्हणजे त्यातला रस काढणं, आणि चौथी पायरी ती गोडीच, जी आपल्या हातात नसते. मी रोजच्या अध्यायातून एकच प्रसंग किंवा एकच ओळ निवडून तिच्यावर हे करते. एक उदाहरण घेऊ.

मार्कचा दहावा अध्याय, शेवटचा प्रसंग. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसला आहे. येशू जातो आहे हे कळल्यावर तो ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?

एकदा नुसतं वाचा. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचा आणि कुठे पाय अडकतो ते पाहा. माझा अडकला तो प्रश्नावर. आंधळ्याला काय हवं असणार हे उघड आहे, मग विचारलं का? त्याच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून? आजवर कुणी त्याला विचारलंच नव्हतं म्हणून? मग हा प्रश्न स्वतःला विचारलेला आहे असं समजून थांबा. उत्तर चटकन येत नाही. मला पहिल्यांदा उत्तर द्यायला तीन दिवस लागले आणि जे आलं ते मी मागत होते त्याहून अगदी वेगळं होतं. आलेलं उत्तर देवाला सांगा, ही झाली प्रार्थना. मग दोन मिनिटं काहीच बोलू नका. दिवसभर ती ओळ सोबत ठेवा, रांगेत उभं असताना, भांडी घासताना. रात्री झोपताना एकदा परत आठवा.

सगळं मिळून वीस मिनिटं होतात. दहाच मिळत असतील तर दहा. वेळ कुठली, यावर वाद घालत बसू नका. मार्क सांगतो की येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, म्हणून अनेक जण पहाट निवडतात. पण लहान मूल असलेल्या आईला किंवा रात्रपाळी करणाऱ्याला पहाटेचा नियम लावणं निर्दयपणाचं आहे. जागा आणि वेळ ठरलेली असावी, एवढं पुरे.

शब्द सुचत नसतील तेव्हा

शिष्यांनीही येशूला म्हटलं होतं, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. त्याने दिलेली प्रार्थना मत्तयच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्यात आहे. दिदाखे नावाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेत ती दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. तुम्हीही पाठ करा. मग तिला सांगाडा म्हणून वापरा: एकेका ओळीवर थांबून तिच्यात स्वतःचं भरा. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" इथे थांबून बघा, 'आमच्या' म्हणताना कोण कोण डोळ्यांसमोर येतं. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणताना आज कुठल्या गोष्टीत तुमची इच्छा आडवी येते आहे. "आम्ही आपल्या ऋण्यांस क्षमा केली आहे" इथे बहुतेकांना थांबावंच लागतं. मला एका नावापाशी कित्येक महिने थांबावं लागलं होतं.

आणि मधली ओळ: "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." ज्या ग्रीक शब्दाचं भाषांतर आपण 'रोजची' असं करतो, तो इतर ग्रीक लिखाणात जवळपास सापडतच नाही. म्हणून अभ्यासक त्याचा अर्थ कुणी आजची, कुणी येणाऱ्या दिवसाची, कुणी जगायला लागते तेवढी, असा लावतात. कुठलाही घ्या, मागणी एका दिवसाची आहे. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे आकाशातून आलेलं अन्न, मिळाला तोही असाच. ज्याने त्याने आपल्याला लागेल तेवढाच गोळा करायचा. सकाळपर्यंत साठवलेल्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, कारण सातवा दिवस विश्रांतीचा. मागच्या वर्षीच्या शिबिरातला अनुभव मी जपून ठेवला होता आणि त्यावरच जगत होते, तेव्हा माझंही हेच झालं होतं. देव तेव्हा भेटला होता हे खरं, पण आजची भाकर आज मागावी लागते.

दिवसात मोठी प्रार्थना जमणार नसेल तर छोटी ठेवा. पौर्वात्य मंडळ्यांत, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चमध्ये, शतकानुशतकं चालत आलेली एक ओळ आहे: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." श्वासाबरोबर म्हणता येते. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात लॉरेन्स नावाचे बंधू स्वयंपाकघरात राबत असत आणि कामाची वेळ व प्रार्थनेची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही असं सांगत. तिथवर पोहोचायला त्यांना वर्षं लागली, हेही ते सांगत.

रात्री पाच मिनिटांची उजळणी करा. ही सवय जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आपल्या सोबत्यांना लावली. आज कशाबद्दल आभार मानावेत? आज कुठे जिवंत वाटलं, कुठे कोरडं? कुठे चुकलं? उद्यासाठी काय मागू? चुकलं त्याची कबुली द्या आणि सोडून द्या. योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलं आहे की आपण पापं पदरी घेतली तर तो क्षमा करायला विश्वासू व न्यायी आहे. न कबूल केलेलं पाप भूक मारतं. मला वाचायचा कंटाळा येतो तेव्हा मी आधी हेच तपासते.

एकट्याने जेवू नका

प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीचं वर्णन एका ओळीत आहे: प्रेषितांचं शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. चारांतल्या दोन गोष्टी तर एकट्याने करताच येत नाहीत. मोबाइलवर प्रवचनं ऐकून भागतं असं मलाही वाटायचं. प्रवचन चांगलं असेलही, पण तुम्ही तीन रविवार दिसला नाहीत तर ते प्रवचन तुम्हाला फोन करत नाही.

मंडळी कशी शोधावी? कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रॉटेस्टंट अशा परंपरा आहेत, त्यांच्या उपासनेच्या पद्धती वेगळ्या आहेत, आणि कुठे तुमचं मन स्थिरावेल हे मी सांगू शकत नाही. एक जुनी कसोटी मात्र सांगते. 325 मध्ये निकिया इथे आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे मंडळीने आपला विश्वास शब्दांत मांडला: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, येशू खरा देव आणि खरा मनुष्य, वधस्तंभ, पुनरुत्थान, पुन्हा येणं. हा विश्वासांगीकार परंपरांच्या भिंतींपलीकडे आजही म्हटला जातो. जो गट येशूबद्दल यापेक्षा वेगळंच काही शिकवतो, तिथे सावध राहा.

आणखी काही खुणा आहेत ज्या दिसल्या तर शांतपणे बाहेर पडा. पैसे दिलेत तर आजार जाईल, कर्ज फिटेल असं वचन देणारा उपदेश. ज्याला प्रश्न विचारलेला चालत नाही असा पुढारी. दानाचा हिशेब न मांडणारी संस्था. घरच्यांशी, जुन्या मित्रांशी बोलणं तोडायला सांगणारी माणसं. डॉक्टरांचं औषध बंद करणं म्हणजे विश्वास, असं म्हणणारं कुणीही. मी एका अशा गटात काही काळ होते. तिथून निघाल्यावर बरं व्हायला जेवढा वेळ लागला तेवढा तिथे राहण्यातही गेला नव्हता. म्हणून हे इतकं स्पष्ट लिहिते आहे.

चांगली मंडळी सापडली की निदान दोन-तीन महिने सलग जा. पहिल्या रविवारी गाणी अनोळखी वाटतील, कधी उठायचं कधी बसायचं कळणार नाही. मागे बसा, शेजाऱ्याकडे बघा. पाळकांना किंवा धर्मगुरूंना भेटून सांगा की मी नवीन आहे. आणि वयाने मोठं, विश्वासात मुरलेलं एक माणूस शोधा, ज्याला तुम्ही मूर्खासारखे वाटणारे प्रश्न विचारू शकाल. ज्यांच्या आयुष्यात दुःख येऊन गेलं आहे आणि तरी ज्यांच्या बोलण्यात कडवटपणा नाही, अशांना आधी विचारा.

मेज

प्रभुभोजन, मिस्सा, पवित्र सहभागिता. नावं वेगळी आणि त्यामागची समजही वेगळी. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या मानतात की भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर व रक्त होतात. प्रॉटेस्टंटांत कुणी त्याची खरी उपस्थिती मानतात, कुणी मुख्यतः स्मरण. कोणी घ्यावं याचे नियमही वेगळे आहेत, बहुतेक ठिकाणी बाप्तिस्म्यानंतरच. आधी विचारून घ्या. नाही म्हटलं तर अपमान समजू नका. ज्या रविवारी घेता येत नाही त्या रविवारीही समोर काय चाललं आहे ते पाहा. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य येशूबरोबर कितीतरी अंतर चालले, त्याने शास्त्र उलगडून सांगितलं, अंतःकरण आतून पेटलं, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळखलं ते त्याने भाकर मोडली तेव्हा.

हात कामाला लावा

शोमरोनी स्त्री गावात धावत गेली आणि शिष्य जेवण घेऊन आले, तेव्हा येशूला भूक नव्हती. तो म्हणाला, ज्याने मला पाठवलं त्याच्या इच्छेप्रमाणे करणं आणि त्याचं कार्य पूर्ण करणं हेच माझं अन्न. देण्यातून पोट भरतं, ही गोष्ट मला वाचून कधीच पटली नसती. आठवड्यातला एक तास पुरतो: आजाऱ्याला भेटणं, कुणाच्या मुलांचा अभ्यास घेणं, मंडळीत खुर्च्या लावणं. यशयाच्या 58 व्या अध्यायात देव म्हणतो की मला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, आणि असं करणाऱ्याला तो भरपूर पाणी मिळालेल्या मळ्याची उपमा देतो. उपास करायचाच असेल तर त्या जेवणाचे पैसे कुणाला तरी द्या. मधुमेह असेल, गरोदर असाल, खाण्याशी तुमचं नातं आधीच दुखावलेलं असेल, तर अन्नाचा उपास नको, मोबाइलचा करा.

काहीच चव लागत नाही तेव्हा

हे येणारच. सहा महिन्यांनी, वर्षाने, कधीतरी. वाचलेलं कागदासारखं वाटेल, प्रार्थना छतापर्यंतच जाते असं वाटेल. नव्या माणसाला वाटतं आपलं काहीतरी बिनसलं. मदर तेरेसांच्या मृत्यूनंतर, 2007 मध्ये, त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की त्या कित्येक दशकं असा आतला अंधार सोसत होत्या आणि रोज पहाटे उठून मरणाऱ्यांची सेवा करत होत्या. सोळाव्या शतकात क्रूसाचे योहान या स्पॅनिश मठवासींना त्यांच्याच संघातल्या लोकांनी टोलेडोमध्ये सुमारे नऊ महिने कोंडून ठेवलं. त्या कोठडीत त्यांनी कविता रचल्या, आणि त्यांच्या लिखाणात अंधाराला देवाकडे नेणारी वाट म्हटलं आहे.

या काळासाठी इग्नाशियस यांचा एक नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे: कोरडेपणात असताना आधीचे निर्णय बदलू नका. उजेड होता तेव्हा जे ठरवलं ते चालू ठेवा. वीस मिनिटं ठरली असतील तर वीस मिनिटं बसा, मन लागो न लागो. स्वतःचे शब्द संपले असतील तर स्तोत्र मोठ्याने वाचा आणि त्यालाच तुमची प्रार्थना होऊ द्या.

पण त्याआधी शरीराकडे बघा. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर जिवाच्या भीतीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. एलीया झोपी गेला. दूताने त्याला स्पर्श करून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. तो खाऊन पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, ऊठ, खा, तुला दूरचा प्रवास करायचा आहे. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेबला पोहोचला आणि देवाचा मंद वाणीतला प्रश्न ऐकला तो तिथे गेल्यावर. कितीदा आपल्याला वाटणारा विश्वासाचा प्रश्न हा न झालेल्या झोपेचा असतो. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा, आजच जा, आणि सोबत कुणाला तरी न्या. दूताने आणलेली भाकर कधी कधी त्याच रूपात येते.

खंड पडला तर

पडतोच. चार दिवस, चार महिने. राहून गेलेले अध्याय एका दिवसात भरून काढू नका. जिथे खूण आहे तिथून आजचा एक अध्याय वाचा आणि मधल्या दिवसांबद्दल एक वाक्य देवाला सांगा.

लाज वाटून परतायला धीर होत नसेल तर योहानाचा शेवटचा अध्याय उघडा. पेत्राने निखाऱ्यांच्या शेकोटीजवळ उभं राहून आपल्या गुरूला ओळखतही नाही असं सांगितलं होतं, तीनदा. आता तो पुन्हा मासे धरायला गेला आहे आणि रात्रभर काही लागलेलं नाही. पहाटे काठावर येशू उभा आहे. पुन्हा निखारे पेटलेले आहेत, त्यावर मासळी आहे, शेजारी भाकर. "माझ्यावर प्रीती करतोस काय?" हा प्रश्न तो पेत्राला विचारणार आहे, तोही तीनदा, पण सगळ्यांचं खाऊन झाल्यावर. आधी तो म्हणतो, "या, न्याहारी करा."